खडपावरच्या शेवाळांचा एक दिवस: कधी जायचं, किती घ्यायचं, छाप कसे काढायचे, खायचं का?

पुळणकाठ (प्रश्न)

रत्नागिरी तालुक्यातलं आमचं गाव. पुळणीच्या दोन्ही टोकांना काळी खडपं आहेत आणि थंडीत ती हिरव्या-तपकिरी शेवाळांनी भरून जातात. जानेवारीत वाचनालय आणि शाळा मिळून त्यावर एक दिवसाचा कार्यक्रम करायचं ठरतंय. माणसं साधारण ३०. त्यात आठवी-नववीची २० मुलं आणि कालवं काढणाऱ्या गावातल्या काही बायका. सकाळी खडपावर फिरायचं, मग शाळेत शेवाळं कागदावर दाबायची, सायनोटाइपचे, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने उमटणारे, निळे छाप काढायचे. जत्रेत सभामंडपात लावता येईल असं एखादं मोठं कापडही सगळ्यांनी मिळून करावं असा विचार आहे. जमलं तर शेवाळाचा एखादा पदार्थ.

विचारायचं ते असं. दिवस आणि वेळ कशी निवडावी? किती शेवाळ काढलेलं चालतं, परवानगी लागते का? दाबलेले नमुने पावसाळ्यात बुरसतात असं ऐकलंय, त्यावर उपाय काय? सायनोटाइपची रसायनं मुलांच्या हाती द्यावीत का, आणि किती लागतील? आणि आपल्याकडचं शेवाळ खरंच खाता येतं का?

---

उधाणभांग

वेळेपासून सुरू करतो, कारण तीच चुकली तर बाकी सगळं कोरड्या खडकावर.

जुना पाऊणपटीचा हिशोब तुमच्या कालवंवाल्यांना पाठ असेल. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन. ओहोटी त्याच्या साधारण सव्वासहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे तृतीयेची सकाळची ओहोटी आठच्या सुमारास. हा हिशोब मुंबईचा. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे रत्नागिरीला ती मुंबईच्या आधी येते. तेव्हा दिवस पाऊणपटीने ठरवा, मिनिटं मात्र छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या.

अमावास्या-पौर्णिमेला सकाळची ओहोटी फार पहाटे लागते, अंधारात मुलांना खडपावर नेऊ नका. द्वितीया ते चतुर्थी हे दिवस बरे. उधाण अजून उतरलेलं नसतं आणि उजेडही असतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी, तेव्हा खालचा पट्टा उघडाच पडत नाही. एक गोष्ट बरेच जण विसरतात: दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. तक्त्यात मीटरचा आकडा बघा. अर्ध्या मीटरच्या आसपास किंवा त्याखाली असेल तरच सरगॅसम या तपकिरी शेवाळाचा, म्हणजे सगळ्यात खालचा पट्टा नीट दिसेल. सकाळची ओहोटी उथळ आणि संध्याकाळची खोल निघाली, तर त्रयोदशी-चतुर्दशीची दुपार धरा. तेव्हा ओहोटी चार ते पाचच्या दरम्यान येते. छाप मग दुसऱ्या दिवशी.

ओहोटीच्या दीड तास आधी पोचा आणि पाण्यामागून खाली उतरत जा. ओहोटीची वेळ झाली की वीस-पंचवीस मिनिटांत परत फिरायचं, तिथे वाद नको. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. पहिला तास संथ वाटतो म्हणून माणसं रेंगाळतात आणि मग मागच्या घळीत पाणी भरून वाट बंद होते. एका मोठ्या माणसाचं काम फक्त समुद्राकडे तोंड करून उभं राहणं. त्याच्या हातात पिशवी देऊ नका.

पायात पट्ट्याचे नायलॉन सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. रबरी चपला हिरव्या शेवाळावर घसरतात आणि कालवांच्या कडा तळपाय फाडतात. डबक्यात हात घालण्याआधी नीट बघून घ्या, काटेरी साळू, म्हणजे समुद्री अर्चिन, कपारीत असतात. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख दिसायला सुंदर, पण उचलायचे नाहीत. त्यांचा दंश विषारी असतो.

आता काय कुठे मिळेल. वरच्या पट्ट्यात कालवं आणि बार्नेकल (खडकाला घट्ट चिकटलेले छोटे कवचवाले जीव). गोडं पाणी झिरपत असेल तिथे नळीसारखा बारीक हिरवा उल्वा. मधल्या डबक्यांत पानासारखा उल्वा, पंख्यासारखी पॅडिना (तिच्यावर चुन्याचा पांढुरका थर असतो) आणि केसांच्या गुंत्यासारखा कीटोमॉर्फा. वाळू साचलेल्या खडकावर कॉलर्पा आणि ग्रॅसिलारिया. अगदी खाली, लाटा धुतात तिथे, सरगॅसम, डिक्टायोटा, हिप्निया आणि सांध्यासांध्याची, चुन्याने कडक झालेली गुलाबी ऍम्फिरोआ. पोरफायरा जानेवारीत शोधू नका. ती पावसाळ्यात, लाटांचे तुषार पडतात अशा उंच खडकावर येते आणि पाऊस सरला की जाते.

किती घ्यायचं? कलेसाठी निम्म्याहून जास्त माल पुळणीवर वाहून आलेलाच वापरा, फुकट आणि निर्धोक. जिवंत शेवाळ कात्रीने कापा, ओढू नका. खडकाला धरणारा बुडखा आणि त्यावरचा चार-पाच सेंटिमीटरचा भाग राहिला की ते परत फुटतं. बुडखा उपटला तर त्या जागी दुसरंच काहीतरी बसतं. एका झुबक्यातून तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. उलटा केलेला दगड होता तसा ठेवा, नाहीतर खालचे जीव उन्हात आणि वरचं शेवाळ अंधारात मरतं.

यावर स्वतःच नियम घालून घेतलेली माणसं तमिळनाडूत आहेत. मन्नारच्या आखातात शेवाळ वेचणाऱ्या बायकांनी महिन्याचे १२ च दिवस ठरवले, अमावास्येचे सहा आणि पौर्णिमेचे सहा. खरवडायची लोखंडी हत्यारं सोडली आणि मासेमारी बंदीच्या काळात वेचणीही बंद ठेवली. त्यांच्यातल्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ चा सीकॉलॉजी हा पर्यावरण-रक्षणाचा पुरस्कार मिळाला. तुमच्या कालवंवाल्या बायकांना कार्यक्रमात नुसतं बोलावू नका, कुठलं खडप यंदा मोकळं सोडायचं हे त्यांनाच ठरवू द्या.

परवानगीचं म्हणाल तर अभयारण्याच्या हद्दीत काहीही काढायचं नाही, मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तुमचं खडप हद्दीबाहेर असलं तरी ग्रामपंचायतीला आणि वनखात्याच्या जवळच्या कार्यालयाला आधी पत्र द्या. प्रवाळ, मेलेलं असलं तरी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला हात नाही. मुलं पांढरा सुंदर दगड म्हणून नेमकं तेच खिशात घालतात.

---

दाबपाट

दाबण्याचं मी सांगते.

बादलीत समुद्राचंच पाणी घ्या आणि बादली सावलीत ठेवा. लाल शेवाळं गोड्या पाण्यात टाकली की पेशी फुटून रंग सुटतो, तासाभरात ती नारिंगी आणि मग फिकट होतात. पिशवीत कोंबलेलं शेवाळ दुपारपर्यंत चिकट होऊन वास मारतं. हिरवी, तपकिरी, लाल अशा तीन बादल्या केल्या की पुढचं काम निम्मं होतं. एकटी लाल नीट सांभाळली तरी पुरे.

शाळेत गेल्यावर पसरट परातीत दोन बोटं समुद्राचं पाणी. जाड चित्रकलेचा कागद, साधारण २०० जीएसएम, पाण्याखाली सरकवा. शेवाळ त्यावर तरंगू द्या आणि मऊ ब्रशने किंवा दातकोरणीने फांद्या मोकळ्या करा. गर्दी वाटली तर कात्रीने फांद्या विरळ करा, नाहीतर वाळल्यावर नुसता डाग दिसतो. कागद एका कडेने हळू तिरका करत उचला, पाणी दुसऱ्या कडेने निथळू द्या. मधूनच उचलला तर सगळं घसरून ढीग होतो.

त्यावर जुन्या मलमलीचा तुकडा, मग वर्तमानपत्राचे चार-पाच पदर, मग खोक्याचा पन्हळी पुठ्ठा. पन्हळीतून हवा खेळते म्हणून पुठ्ठा हवाच. अशी चळत दोन पाटांत धरून वर दहा-बारा किलो वजन. मलमल गाळू नका. लाल शेवाळांतला चिकट रस नमुना कागदाला आपोआप चिकटवतो, पण मलमल नसेल तर तो वर्तमानपत्रालाही तितकाच चिकटतो.

वर्तमानपत्रं पहिल्या दिवशी दोनदा बदला, तीन-चार तासांनी आणि रात्री. पुढे रोज एकदा. पाच ते सात दिवस. गालाला लावून गार लागलं तर अजून ओल आहे.

बुरशीचं खरं कारण बहुतेक वेळा मीठ असतं. नमुना उन्हाळ्यात खणखणीत वाळलेला असतो, पण त्यातलं मीठ जूनची हवा ओढून घेतं आणि परत ओल धरतं. म्हणून कागदावर मांडून झाल्यावर, दाबण्याआधी, तिरक्या कागदावरून गोड्या पाण्याची एक हलकी धार, दोन-तीन सेकंद. तेवढ्याने लाल शेवाळाचा रंग जात नाही, मीठ मात्र बरंच जातं. नंतर प्रत्येक नमुना प्लॅस्टिकच्या पाकिटात, सगळी पाकिटं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद गरम करून परत निळं करता येतं, पण तो तवा स्वयंपाकाचा नको.

सरगॅसम आणि पॅडिना स्वतःहून चिकटत नाहीत. वाळल्यावर कागदाच्या बारीक पट्ट्यांनी किंवा पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलच्या थेंबांनी बसवा. सरगॅसमच्या हवेच्या फुग्यांमुळे दाब सारखा पडत नाही, भोवती वर्तमानपत्राच्या घड्यांची चौकट करा.

आणि चिठ्ठी! गाव, खडपाचं नाव, तारीख, तिथी, कुठला पट्टा, कशावर वाढलं होतं (खडक, वाळू की शिंपला), ताजेपणी रंग काय होता, कोणी काढलं. पेन्सिलीने लिहा, शाई पसरते. शास्त्रीय नाव येत नसेल तर जागा कोरी सोडा, अंदाजाने लिहू नका. कोरं नाव पुढे कुणी जाणकार भरेल. पट्टा आणि तारीख नंतर कुणालाच आठवणार नाही. चिठ्ठीशिवायचा नमुना म्हणजे शुभेच्छापत्र, एवढं माझं ठाम मत आहे.

---

निळाई

सायनोटाइपला शेवाळांशी जुनं नातं आहे. जॉन हर्शेलने ही रीत १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने ब्रिटनच्या शेवाळांचे छाप काढायला घेतले. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून तेच धरलं जातं. म्हणजे तुमचा बेत योग्य घराण्यातला आहे.

मापं. 'अ' द्रावण: फेरिक अमोनियम सायट्रेट, हिरवं, २५ ग्रॅम, १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात. 'ब': पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, १०० मिली पाण्यात. दोन्ही वेगळ्या गडद बाटल्यांत. लावायच्या वेळी समान भाग एकत्र करा. ३० जणांना प्रत्येकी अर्ध्या ए-४ एवढा कागद धरला तर ३० मिली पुरतं, आणि पातळ मलमलीला चौरस मीटरमागे साधारण १०० मिली. एक मीटर बाय अर्धा मीटरच्या तीन पट्ट्या केल्यात तर १५० मिली. म्हणजे वर दिलेल्या मापात सगळा कार्यक्रम होतो. जास्त आणू नका. 'अ' द्रावणाला काही आठवड्यांत बुरशी येते.

मुलांच्या हाती द्रावण देऊ नका. आदल्या संध्याकाळी दोन मोठ्यांनी, हातमोजे घालून, मंद पिवळ्या दिव्यात, रुंद ब्रशने लावावं. ब्रशला लोखंडी पट्टी नको, निळे ठिपके पडतात. फेरिसायनाइड तीव्र आम्लाजवळ अजिबात नेऊ नका, विषारी वायू सुटू शकतो. शाळेच्या प्रयोगशाळेत हे काम करणार असाल तर आम्लाच्या बाटल्या आधी कपाटात. स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत, आणि खाण्याचं टेबल दुसऱ्या खोलीत.

वाळलेला कागद पिवळसर हिरवा दिसायला हवा. सकाळपर्यंत तो निळसर करडा झाला असेल तर त्याला उजेड किंवा ओल लागली, टाकून द्या. कोकणातल्या हवेत लावलेला कागद दोन दिवसांपुढे ठेवायची उमेद धरू नका. काळ्या प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत ठेवा.

ओलं शेवाळ थेट कागदावर ठेवलं तर पाणी झिरपून पिवळट ओघळ उमटतात. काहींना ते आवडतात. स्वच्छ छाप हवा असेल तर मध्ये पातळ पारदर्शक फिल्म घाला, वर काच आणि दोन्ही बाजूंना चिमटे. काच घट्ट बसली नाही तर कडा धूसर येतात. उल्व्याचं पान एका थराचं असलं की उजेड पार जातो आणि निळ्याच्या तीन-चार छटा मिळतात; सरगॅसम पांढरी ठसठशीत आकृती देतो. पॅडिना चुन्यामुळे जवळजवळ कोरीच येते.

जानेवारीत अकरा ते दोनच्या उन्हात कागदाला सहा ते दहा मिनिटं, कापडाला पंधरा ते वीस. उघडा भाग हिरव्यावरून निळा आणि मग करडा-कांस्य रंगाचा झाला की काढा. निळा असतानाच काढलात तर धुताना सगळं वाहून जाईल. मग सावलीत, साध्या पाण्यात, पिवळटपणा पूर्ण जाईपर्यंत पाच-दहा मिनिटं, पाणी बदलत. विहिरीचं पाणी जड असेल तर निळा फिका पडतो, पहिल्या बादलीत चिमूटभर सायट्रिक आम्ल घाला. साबण, सोडा कधीच नाही. क्षारात हा निळा रंग विरतो. कापडसुद्धा आधी खळ काढून घ्या आणि साबणाचा अंश राहू देऊ नका. पहिल्या धुण्याचं पाणी विहिरीपासून दूर पडीक जमिनीत ओता, खडपावर नको.

मोठ्या कापडाबद्दल एक सुचवतो. एकच चादर करून त्यावर सगळ्यांनी मिळेल ते मांडलं की शेवटी नक्षी होते, सुंदर पण मुकी. त्याऐवजी तीन पट्ट्या: वरचा, मधला, खालचा पट्टा. त्या त्या पट्ट्यातली शेवाळंच त्या त्या कापडावर. त्याच क्रमाने एकाखाली एक टांगल्या की गावाला आपलं खडप वाचता येतं. कडेला कालवंवाल्या बायकांनी सांगितलेली खडपांची नावं भरतकामात घाला. दर जानेवारीत तशाच तीन पट्ट्या केल्या तर काय कमी झालं, काय नवीन आलं, ते शेजारी शेजारी टांगून दिसेल.

---

तव्यावर

खाता येतं, पण ३० जणांना किनाऱ्यावरून काढलेलं शेवाळ खाऊ घालण्याच्या मी विरोधात आहे. कारणं देतो.

सांडपाणी, बंदर, मच्छीची जेटी किंवा खाडीचं तोंड जवळ असेल तर तिथलं शेवाळ खाण्यालायक नाही. उल्वा तर सांडपाण्यातल्या नायट्रोजनवर पोसतो. हिरवागार, भरघोस उल्वा म्हणजे स्वच्छ पाणी, हा उलटा समज आहे. वाहून आलेलं शेवाळ खायला कधीच नाही. सरगॅसमही नको, त्याच्या काही जातींत असेंद्रिय आर्सेनिक बरंच असतं. कच्च्या ग्रॅसिलारियाने १९९१ मध्ये गुआम बेटावर विषबाधा होऊन तिघांचा मृत्यू झाला होता. दगडावर काळपट केसांसारखे लिंगबियाचे पुंजके दिसले तर हातही लावू नका, ते शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जिवाणू. कातडीला आग होते. थायरॉइडचं औषध चालू असलेल्यांना आयोडीनमुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

उघड्या समुद्राकडच्या, वस्तीपासून लांब खडपावरचा पानाचा उल्वा मिळत असेल तर मोठ्या माणसांपुरती चव घ्या. कडा पांढुरक्या झालेली पानं सोडा, ती बीजाणू सोडून संपलेली असतात आणि कडवट लागतात. आधी समुद्राच्या पाण्यात खळबळा, मग गोड्या पाण्याने तीन-चारदा, प्रत्येक वेळी पानं उचलून घ्या आणि पाणी खाली सोडा. ओतलं तर रेती परत पानांवर बसते. सावलीत पसरून, शेवटी तासभर उन्हात. मंद तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत भाजा, करपला की माशासारखा उग्र वास येतो. चटणी करायची तर वाटीभर किसून भाजलेल्या सुक्या खोबऱ्याला दोन चमचे चुरा, लसूण, तीळ, लाल मिरची. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. बहुतेक वेळा लागतच नाही. भजी करायची तर चिरलेला ओला उल्वा घट्ट पिळून, वाटीभर बेसनाला अर्धी वाटी. पिळला नाही तर पीठ सैल होऊन भजी तेल पितात.

मुलांसाठी चायनाग्रास आणा. तेही समुद्रशेवाळच, ग्रॅसिलारिया आणि जेलिडिएला या लाल शेवाळांपासून होतं. अर्धा लिटर दुधाला ५ ते ६ ग्रॅम. चायनाग्रास आधी कपभर पाण्यात भिजवून, उकळून पूर्ण विरघळवा, मगच गरम दुधात ओता. थंड दुधात ओतलं तर गाठी होतात, कारण ते चाळीस अंशांच्या खालीच धरायला लागतं. एकदा जमलं की पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय वितळत नाही, म्हणून शाळेच्या पडवीत फ्रीजशिवायही घट्ट राहील. कोकमाच्या सरबतात करायचं असेल तर चायनाग्रास थोडं वाढवा आणि कोकम शेवटी घाला. आंबट द्रवात ते उकळत ठेवलं की नीट धरत नाही.

---

पुळणकाठ

सगळ्यांचे आभार. तीन पट्ट्यांची कल्पना घेतली, खाण्याचं चायनाग्रासवर आणलं. दोन शंका उरल्या. तृतीयेला ओहोटी सकाळी लवकर, छाप अकरानंतर. मधल्या तीन तासांत शेवाळ टिकेल? आणि ताज्या शेवाळाचा छाप काढल्यावर तेच परत दाबता येईल का?

---

दाबपाट

टिकेल. बादली अर्धीच भरा, वर ओलं गोणपाट, सावली, आणि तासाभराने समुद्राचं पाणी बदला. त्यासाठी एक कॅन जास्तीचा भरून आणा. हिप्निया आणि बाकी बारीक लाल शेवाळं आधी दाबून टाका, ती थांबत नाहीत. उल्वा आणि सरगॅसम छापासाठी मागे ठेवा. काचेखाली वीस मिनिटं उन्हात शेकलेलं शेवाळ मात्र दाबू नका. शिजल्यासारखं होतं, रंग जातो, आणि नमुना म्हणून उपयोग राहत नाही. एकाच झुबक्यातली एक फांदी दाबायला, दुसरी छापायला असं आधीच वाटून घ्या आणि दोन्हीच्या चिठ्ठीवर एकच क्रमांक टाका.

---

निळाई

मीठही बघा. छापायच्या फांदीवरचं समुद्राचं पाणी फडक्याने टिपून घ्या, नाहीतर फिल्मच्या कडेने आत शिरून द्रावण सरकवतं. आणि पारदर्शक फिल्म म्हणून बिस्किटाच्या खोक्यावरची चालत नाही, तिला घड्या असतात. ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) घ्या, कार्यक्रमानंतर धुऊन परत वापरता येते.

---

उधाणभांग

जत्रेची तारीख कळवा. त्या पंधरवड्यात सकाळची ओहोटी खोल आहे की संध्याकाळची, तक्ता बघून सांगतो. कापड छापायला जत्रेआधी आठवडाभर तरी हाताशी ठेवा, म्हणजे ढगाळ दिवस आला तर दुसरा मिळेल.